कावळा शिवेपर्यंतची वेळ

मालनवहिनींनी माझं आयुष्य वाचवलं, हे मी पहिल्यांदा लिहून टाकते. कसं वाचवलं ते पुढं येईलच, पण मला बोलताना काय आणि लिहिताना काय, मधेच धीर सुटायची खोड आहे. घाबरून भलतंच सांगत बसते आणि मुख्य गोष्ट राहून जाते. म्हणून नाव आधी. मालनवहिनी. आमच्या जुन्नर तालुक्यात पंचायत समितीवर निवडून आलेले आणि पुढं सभापती झालेले नाना, त्यांची बायको. त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा त्यांना वहिनीच म्हणायची.

गेल्या महिन्यात त्या गेल्या. मी असते भरूचला, गुजरातमध्ये. मालक तिथं कंपनीत लोडिंगला आहेत आणि मी कंपनीच्याच कॅन्टीनमध्ये स्वयंपाकाला. सकाळच्या पोळ्या चालल्या होत्या तेव्हा गावाकडून भावाचा, संतोषचा फोन आला. "अलके, कामात हाईस का?" म्हटलं, "हां, बोल." तर म्हणाला, "मालनवहिनी गेल्या गं…" आणि मी काय म्हणाले असेन? "बरं" म्हणाले. एवढंच. फोन पिठाच्या डब्यावर ठेवला आणि पुढची पोळी लाटायला घेतली. ती तव्यावर काळी पडली तेव्हा शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं बेन? गावाकडचं माणूस गेलं, म्हटलं. नात्यातलं का? वहिनी माझ्या कुणीच लागत नव्हत्या. मी "हो" म्हणून मोकळी झाले.

मातीला पोचणं शक्य नव्हतं, पण दहाव्याला जाता आलं असतं. रात्रीची गाडी होती. सुट्टी मागितली असती तर ठेकेदार कुरकुरला असता, पण दिली असती. मालक तर म्हणालेच, "जाऊन ये, मी बघतो घरचं." मीच गेले नाही. तिथं गेल्यावर कुणीतरी विचारेल, तू यमुनाबाईची अलका ना, वहिनींनी जिच्यासाठी एवढं केलं ती? आणि मग विचारेल, काय झालीस पुढं? या एका प्रश्नामुळं मी आजवर गावात जायलासुद्धा भीत आले आहे.

वहिनींचं काम काय होतं ते सांगायचं तर आधी आमच्याकडच्या दशक्रियेचं सांगायला पाहिजे. जुन्नर-आंबेगावात दहावा म्हणजे गाव गोळा होतं. नदीच्या घाटावर मांडव पडतो, प्रवचन होतं, माइक असतो आणि सगळ्या पक्षांचे पुढारी श्रद्धांजली वाहायला येतात. जो येत नाही त्याची आठवण लोक मतदानापर्यंत ठेवतात. एका सकाळी तीन तीन गावांत दहावे असले की नाना एकीकडं जायचे आणि दुसरीकडं वहिनींना पाठवायचे. म्हणजे सभापतींच्या घरचं कुणीतरी आलं होतं, एवढं झालं की झालं. पुढाऱ्याच्या बायकोनं डोक्यावर पदर घेऊन पुढच्या खुर्चीवर बसायचं, हार घालायचा आणि उठायचं. एवढंच काम त्यांना दिलेलं होतं. त्यातून त्यांनी जे काढलं ते नानांनाही बरीच वर्षं कळलं नाही म्हणतात.

त्या खुर्चीवर बसायच्याच नाहीत. आदल्या दिवशी नाहीतर त्या सकाळी लवकर जाऊन घरातल्या बायकांत बसायच्या. आणि गेलेली बाई असली की तिच्याबद्दल एक गोष्ट विचारायच्या. ती किती चांगली होती, किती कष्टाळू, हे विचारायच्याच नाहीत. "ते पुढारी सांगत्यात माइकवर," म्हणायच्या, "समद्या बायांचं एकच. कष्टाळू, मनमिळाऊ, धार्मिक." त्या विचारायच्या, "बाई कशावर चिडायची?" बायका आधी एकमेकींकडं बघायच्या. मेलेल्या माणसाच्या रागाचं कसं बोलायचं? मग एखादी हळूच सांगायची. आणि एकदा सांगायला लागल्या की घरातलं जे काही अडलेलं, दाबलेलं असेल ते सगळं त्या रागाच्या मागोमाग बाहेर यायचं.

मग घाटावर यायची ती वेळ. पिंड ठेवला की सगळे कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला की गेलेल्या माणसाचं समाधान झालं. नाही शिवला तर काहीतरी इच्छा राहिली. मग एकेक जण पुढं होऊन हात जोडून सांगतो, तुझ्या पोरांना बघू, तुझं देवाचं राहिलेलं करू, काळजी करू नको. दोनतीनशे माणसं ऐकत असतात. तिथं दिलेला शब्द फिरवायची छाती आमच्याकडं कुणाला होत नाही. वहिनी नेमक्या तेव्हा बायकांतून उठून पुढं यायच्या. घोडनदीच्या काठी एका गावात सासूच्या दहाव्याला त्यांनी थोरल्या मुलाकडून सगळ्यांदेखत वदवून घेतलं की विधवा भावजयीला घरातून काढणार नाही, पुढची खोली तिचीच. ती बाई आदल्या दिवशी गाठोडं बांधून बसली होती. अजून त्याच खोलीत राहते. असं त्यांनी किती ठिकाणी केलं ते त्यांनाही माहीत नसेल. पुढंपुढं त्यांची जीप घाटावर आली की माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायची. "वहिनी आल्या राव, आता कावळ्याचं काय खरं न्हाई." नाहीतर "नाना मतं मागत्यात अन् वहिनी कावळ्याला पुढं करून वचनं मागत्यात." वहिनींच्या कानावर जायचं, त्या पदरात हसायच्या.

माझी आई गेली तेव्हा मी आठवीत होते. पिंपरी पेंढारच्या अलीकडं आमची वाडी. आईला कावीळ झाली आणि महिन्याच्या आत सगळं संपलं. वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, आधीच कमी बोलणारे, ते पार मुके झाले. घरातलं सगळं चुलते बघायचे, अण्णा. अण्णा म्हणजे नानांचा आमच्या वाडीतला खंदा माणूस. वाडीची मतं अण्णांच्या हातात. आणि आमच्याकडं रिवाज असा की घरात माणूस गेलं तर लग्नकार्य वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. आईची राख सावडली त्याच दिवशी अण्णांनी मंचरकडचं एक स्थळ बोलून ठेवलं. द्राक्षाची बाग होती त्यांची. "बिनआईची पोर, तीन वरसं कोण सांभाळणार," असं ते दादांना म्हणताना मी ऐकलं. दादा उठून गुरांकडं गेले.

नवव्या दिवशी वहिनी आल्या. नानांच्या माणसाच्या घरचं दुःख, तेव्हा येणारच होत्या. बायकांत बसल्या आणि त्यांनी मला जवळ घेतलं. मला वाटलं, आता विचारतील रडतेस का, जेवलीस का. त्या म्हणाल्या, "तुझी आई कशावर चिडायची गं?" मी पटकन खरं ते सांगून टाकलं, "मी पुस्तक टाकून गोठ्यात आले की." आईला चार अक्षरं येत नव्हती. मी शेण काढायला आले की ती हातातलं घमेलं ओढून घ्यायची आणि "व्हय तिकडं, बस जा वाचत" म्हणून ओरडायची. मी लग्नाचं काहीच बोलले नव्हते. पण शेजारच्या काकू बोलल्या.

दुसऱ्या दिवशी घाटावर कावळा शिवेना. चारपाच कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले दिसत होते, पण खाली एक येईना. अण्णा पुढं झाले. "यमुने, संतोषची काळजी करू नगं, त्याला आमी बघू." कावळे हलले नाहीत. "पोरीचं लगीन याच वर्षी चांगल्या घरी लावून देतो." तरी नाही. मागून कुणीतरी पुटपुटलं, "ऊन खात बसल्यात बेणी." तेवढ्यात वहिनी बायकांतून पुढं आल्या. नऊवारीच्या निऱ्या एका हातानं धरलेल्या, दुसरा हात माझ्या खांद्यावर. मला वाटत होतं, जमीन फाटावी.

"अण्णा, एक बोलू का?"

"बोला की वहिनी."

"यमुनाबाई कशावर चिडायची, ठावं हाय का तुमाला?"

अण्णांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"पोरगी पुस्तक टाकून गोठ्यात आली की चिडायची. ती याच वर्षीच्या लग्नानं कशी खूश व्हईल? म्हणा, पोरगी शिकंल. म्हणा, तिला इचारल्याबिगर तिचं लगीन लावणार न्हाई."

अण्णांचा चेहरा लाल झाला. नानांची बायको, आणि एवढी माणसं समोर. त्यांनी दादांकडं बघितलं. दादा पाण्याकडं बघत होते. उन्हं चढत होती, कावळा शिवल्याशिवाय जेवणाच्या पंगती बसणार नव्हत्या. मागून एक म्हातारा ओरडला, "म्हणा की अण्णा! लोकांच्या पोटात कावळं वरडाय लागलं!" सगळे हसले. घाटावर, आईच्या पिंडासमोर… आणि मलाही हसू आलं, त्याची लाज अजून जात नाही. अण्णा म्हणाले. शब्द न शब्द म्हणाले. मग वहिनींनी मागं वळून हात हलवला, "आता मागं सरा समदी. बायांनो, तुमीबी. गुरुजी, तुमीबी या इकडं. जागा द्या जरा." माणसं मागं सरली. आणि बाभळीवरचा एक कावळा सरळ खाली येऊन पिंडावर बसला.

मंचरचं स्थळ त्या दिवशी मोडलं. अण्णांनी दिलेला शब्द पाळला, हे मला सांगितलंच पाहिजे. पण त्यानंतर ते नानांच्या ओट्यावर चढले नाहीत. पुढच्या निवडणुकीला आमची वाडी फिरली आणि नाना थोडक्यात पडले. "या पोरीपायी नानांची सीट गेली," हे मी पाणवठ्यावर, दळणाला गेल्यावर, बाजारात ऐकलं. ते खरंच होतं. वहिनींकडं मात्र बायका येत राहिल्या. पद गेल्यावर घाटावर जायचं काही कारण नव्हतं, तर त्या एसटीनं जायला लागल्या.

एकदा मी दादांबरोबर त्यांच्या घरी गेले होते. ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मी धीर करून विचारलं, "वहिनी, कावळ्याला कसं कळलं?" त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि मला जवळ ओढलं. "अगं येडे, कावळा माणसाला भितो. एवढी माणसं पिंडाला वेढा घालून उभी, तो येईल कसा? मी इतक्या दहाव्यांना गेलेय, माझ्या ध्यानात आलंय. मागं सरलं की येतो." मी म्हटलं, "मग पाप नाही लागत?" त्यांनी सोललेली पाकळी ताटात टाकली. "लागत असंल. देवानं इचारलं तर सांगंन, ही माणसं कावळ्याला भित्यात, बाईला न्हाई. मी तरी काय करू?" कुणाला सांगू नको असं त्या म्हणाल्या नाहीत. पण मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, एवढं मोठं गुपित त्यांनी माझ्या एकटीजवळ ठेवलंय.

आणि मग मी शाळा सोडली.

याचं कारण लोकांना मी बिबट्या सांगते. ते खोटं नाही. शाळेची वाट उसातून होती आणि त्या वर्षी बिबट्यानं आमच्या शिवारात दोन कालवडी नेल्या होत्या. पण बाकीच्या पोरी घोळका करून, डबे वाजवत जायच्या. मी घाबरून आधी आठवडाभर गेले नाही. मग मागचं बुडलं म्हणून जायची भीती वाटायला लागली. नववीचं गणित मला येत नव्हतं, बाई उभं करायच्या… अशी एकेक भीती दुसरीला धरून आली आणि मी घरीच राहिले. कुणी अडवलं नाही. दादा तर म्हणाले, "मी सोडाय येतो." अण्णासुद्धा म्हणाले, "शब्द दिलाय मी, जा." ज्या पोरीसाठी आईच्या पिंडासमोर शब्द मागितला गेला, त्या पोरीनंच तो मोडला.

वहिनींना कळलं आणि त्या आल्या. मी खिडकीतून बघितलं आणि गोठ्यात जाऊन कडब्यामागं बसले. दादांनी सांगितलं, कुठंतरी गेलीय. वहिनींनी चहा घेतला. निघताना अंगणात उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, "अलके, ऐकत असशील. शाळा सुटली तर सुटली. तोंड लपवू नगंस." त्यांची पावलं लांब जाईपर्यंत मी श्वास धरून बसले होते. बाहेर यायला किती लागलं असतं? चार पावलं. ती माझ्याकडून पडली नाहीत.

पुढं मी विशीत असताना आंबेगाव तालुक्यातलं स्थळ आलं. मुलगा भरूचला कामाला होता. दादांनी मला विचारलं. मुलानंही एकट्यात विचारलं, तुला एवढ्या लांब करमेल का? मला तर लांबच जायचं होतं. मी हो म्हणाले. लग्नाला वहिनी आल्या. हळदीच्या अंगानं मी खाली मान घालून बसलेली. त्यांनी कुंकू लावलं आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "तुला इचारलं का गं?"

"हां वहिनी."

"कुणी?"

"दादांनी. अन् ह्यांनीबी."

"मंग बास झालं."

खणानारळानं ओटी भरून त्या गेल्या. दोनच शब्द, बास झालं. मी इतकी वर्षं समजत आले की वहिनींनी माझं मन राखलं. शिकली नाही, आता निदान नांदू दे, म्हणून म्हणाल्या असतील. वहिनी खरंच एवढ्यासाठीच, मला कुणीतरी विचारावं म्हणूनच, घाटावर पुढं आल्या होत्या, असं तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आताही खात्री नाही. विचारायला हवं होतं.

भरूचला मोबाइल आला तेव्हा संतोषकडून नंबर घेऊन मी 'मालन वहिनी' असा भरून ठेवला. एकदाही लावला नाही. दिवाळीला लावीन, संक्रांतीला लावीन असं करत. फोनवर काय बोलायचं? वहिनी, मी कॅन्टीनला पोळ्या करते?

आता जे लिहायचं आहे त्यानं माझा हात थांबतोय. गेल्या श्रावणात माझ्या सासूबाई गेल्या. आम्ही सगळे गावी आलो. दहाव्याला घोडनदीवर कावळा शिवेना. मी बायकांत उभी होते. माझी मुलगी प्राजक्ता माझ्या शेजारी, अकरावी झालेली. मालकांचे थोरले भाऊ, मी त्यांना भाऊजी म्हणते, ते पुढं झाले. भाऊजींनी सासूबाईंचं सगळं केलं, आजारपण काढलं, ते खोटं बोलणारे नाहीत. ते रडत होते. म्हणाले, "आई, नातीचं लगीन बघायचं राहिलं तुझं. वर्षाच्या आत प्राजूचं लगीन लावतो बघ." तेवढ्यात मांडवाचा टेम्पो घाटाच्या रस्त्यानं आला, ड्रायव्हरनं हॉर्न मारला आणि माणसं पिंडापासून लांब सरली. कावळा आला. बसला. सगळ्यांच्या तोंडून एकदमच सुटकेचा आवाज निघाला. कुणी हात जोडले. भाऊजी माझ्याकडं बघून म्हणाले, "बघितलं का? आईच्या मनात हेच व्हतं."

मला माहीत होतं. त्या सगळ्या घाटावर मला माहीत होतं की कावळा कशानं आला. प्राजूनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. आणि मी काय केलं? मीही हात जोडले.

तेव्हापासून घरात हेच चाललंय. प्राजू आता बारावीत आहे, अठरा पुरे होताहेत, एक स्थळ चाकणकडचं आहे. मालकांचं मन नाही, पण थोरल्या भावापुढं त्यांचा शब्द निघत नाही आणि वर कावळ्यानं कौल दिलाय. मी प्राजूला विचारलं. म्हणाली, "आई, मला नर्सिंगला जायचंय. पण तू काकांना सांगशील?" मी म्हटलं, बघू. पोरगी भांडी घासायला उठून गेली.

तेव्हा मला वहिनी आठवल्या. त्यांना फोन करावा, म्हणावं, वहिनी, एकदा या आमच्या घरी, एवढं एक सांगा. रोज नंबर काढायचे आणि ठेवून द्यायचे. कुठल्या तोंडानं मागू? एकदा दिलेलं मी मातीत घातलं, आता पोरीसाठी परत मागायचं? त्या आजारी आहेत हेही मला माहीत नव्हतं. आज उद्या, आज उद्या… आणि संतोषचा फोन आला. मी "बरं" म्हणाले ते त्यामुळं. मला दुःख नंतर झालं. आधी वाटलं, आता कुणाला फोन करायचा? मेलेल्या माणसाच्या बातमीवर मला पहिल्यांदा माझीच काळजी वाटली. हे लिहून टाकलं म्हणजे हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटत नाही.

त्यांच्या दहाव्याला संतोषनं मला व्हिडिओ कॉल लावून दिला. कॅन्टीनच्या मागच्या पायरीवर बसून मी बघितलं. गर्दी मावत नव्हती. पुढाऱ्यांची भाषणं झाली. नानांच्या पाठीशी खंबीरपणे उभ्या राहिल्या, कष्टाळू, मनमिळाऊ, धार्मिक. त्या कशावर चिडायच्या, ते कुणी सांगितलं नाही. नाना खुर्चीवर बसले होते, खूप म्हातारे दिसले. मग पिंड ठेवला. गुरुजी म्हणाले, काही राहिलं असेल तर बोला. पुरुषमाणसं पिंडाला वेढून उभी. मी फोन तोंडाजवळ धरला. मनात ठरवलं होतं, संतोषला सांगायचं, स्पीकर लाव, मला बोलायचंय. काय बोलायचं तेही ठरलं होतं.

आणि तेवढ्यात बायका मागं सरल्या. कुणी सांगितलं नाही. चारपाच गावांच्या बायका होत्या, म्हाताऱ्या, मधल्या वयाच्या, दोन शाळेतल्या मास्तरणी, जुन्नरच्या पेठेतली बांगड्या भरणारी हमीदाभाभी सुद्धा. सगळ्या मुकाट्यानं मागं मागं सरत पार मांडवापर्यंत गेल्या. पुरुष तिथंच. शेवटी एक म्हातारी खेकसली, "सरा की वो मागं, जीव जाईस्तवर कावळ्याच्या अंगावर उभं ऱ्हाणार का?" हमीदाभाभी म्हणाली, "वहिनीने बोलके रखा है, हटो." पुरुष गोंधळले, सरले. आणि कावळा आला. लगेच. कुणाला काही वचन द्यावं लागलं नाही.

म्हणजे त्यांनी मला एकटीलाच सांगितलं नव्हतं तर. त्या सगळ्या बायकांना माहीत होतं. प्रत्येकीला वाटत असेल, वहिनींनी हे फक्त मला सांगितलं… त्या पायरीवर बसून मी हसले आणि मग रडले, आणि आतून हाक आली तेव्हा तोंड धुऊन पीठ मळायला गेले. माझं बोलायचं राहूनच गेलं. कावळा थांबला नाही.

म्हणून इथं लिहिते. हे छापून येईल ती पेपरची पुरवणी भाऊजींच्या घरी येते, रविवारी ते चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, हे मला माहीत आहे. भाऊजी, तुमच्याबद्दल माझ्या मनात मान आहे आणि राहील. तुम्ही सासूबाईंना दिलेला शब्द तुमच्या मायेचा होता. पण त्या दिवशी कावळा टेम्पोनं जागा मोकळी केली म्हणून आला. हे मला तेव्हाच तुम्हाला सांगता आलं नाही, कारण मी भित्री आहे. अजूनही आहे. हे लिहिताना मी पेन तीनदा खाली ठेवलं. प्राजूला आम्ही विचारलंय, तिला नर्सिंगला जायचंय. वर्षश्राद्धाला आम्ही सगळे येऊ, तेव्हा तुम्ही रागवाल, मोठ्यानं बोलाल. मी गोठ्यात जाणार नाही. तुमच्या समोर पाटावर बसेन आणि तिचं उत्तर तुम्हाला परत एकदा सांगेन. आवाज कापला तर कापू दे.

आणि वहिनी, तुम्ही माझ्याकडून कधी काही मागितलं नाही, म्हणून देणं फिटलं असं मी धरत नाही. नानांची सीट मला परत आणता येणार नाही, सोडलेली शाळा तर नाहीच. पण एक दिवस फेडीन. पोरीचं माप नर्सच्या टोपीच्या आणि पांढऱ्या कपड्यांच्या दुकानात देऊन आले की तुमच्या घरी येईन, ओट्यावर बसेन, नानांना नाव सांगेन, आणि त्यांनी विचारलं काय झालीस पुढं, तर जी झाले ती सांगेन.